मूल उशिरा बोलतंय की भाषेतच अडतंय? घरच्या मराठीतून भाषेची तपासणी, पायरीपायरीने

"त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलत नाही." स्पीच थेरपिस्टच्या खोलीत आईवडील बसले की बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच येतं. साडेतीन वर्षांच्या एका मुलाच्या आईने मला हेच सांगितलं. मी म्हटलं, दोन्ही हात मांडीवर ठेवा, दाराकडे बघू नका, आणि त्याला चप्पल आणायला सांगा. तिने सांगितलं, "बाळा, चप्पल आण." तो हसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिने नकळत दाराकडे मान वळवली, तसा तो धावत गेला आणि चप्पल घेऊन आला. त्याला आईची मान कळत होती, "चप्पल" हा शब्द कळत नव्हता.

त्या एका मिनिटात त्याच्या अडचणीचा अर्थच बदलला. न बोलणं हे लक्षण आहे, निदान नाही. त्यामागे कमी ऐकू येणं असू शकतं, स्वमग्नता (ऑटिझम) असू शकते, एकूणच विकास मागे असणं असू शकतं. किंवा बाकी सगळं ठीक असूनही भाषा तेवढी अडलेली असू शकते. या शेवटच्या प्रकाराला आज विकासात्मक भाषा विकार किंवा डीएलडी म्हणतात. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांची मोठी पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, त्यात हे प्रमाण सुमारे ७.५ टक्के निघालं, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. ही मुलं आपल्याही वर्गांत असतात, फक्त "लक्ष देत नाही", "लाजाळू आहे", "आळशी आहे" या नावांनी.

हा लेख आईवडील, बालवाडीच्या ताई, अंगणवाडी सेविका आणि या क्षेत्रात नव्याने आलेले थेरपिस्ट यांच्यासाठी आहे. पहिल्या काही पायऱ्या घरी करता येतात. पुढच्या तज्ज्ञाने करायच्या आहेत, पण तिथे काय व्हायला हवं हे माहीत असलं तर नेमकं विचारता येतं.

थांबायचं कधी नाही

सुरुवात याने करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान वाट पाहण्याने होतं. "याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले", "मुलगे उशिराच बोलतात" हे घरोघरी ऐकू येतं. बाबा उशिरा बोलले असतील तर ती दिलासा देणारी गोष्ट नाही. भाषेची अडचण कुटुंबात वाहते, म्हणून त्या घरात तपासणी लवकर करायला हवी.

मूल वर्षाचं झालं आणि "बाबाबा", "दादादा" असं बडबडत नाही, किंवा बोट दाखवणं, टाटा करणं असं काहीच करत नाही, तर दाखवा. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून "आई ये", "दूदू दे" असे दोन शब्द जोडत नाही, तर दाखवा. आणि कोणत्याही वयात आलेले शब्द गेले, तर त्याच आठवड्यात दाखवा. "आधी काऊ, माऊ म्हणायचा, आता म्हणत नाही" हे फार महत्त्वाचं वाक्य आहे.

शब्द मोजताना घरचे शब्दही मोजायचे. मंमं, भूभू, हम्मा, भुर्र, बाऊ हे सगळे शब्दच आहेत. उच्चार बोबडा असला तरी चालतो. मूल तोच आवाज दर वेळी त्याच अर्थाने वापरत असेल, तर तो शब्द. दोन वर्षांच्या आसपास असे पन्नासेक शब्द असावेत, हा जुना आणि आजही उपयोगी ठोकताळा आहे. दोन वर्षांची अनेक "उशिरा बोलणारी" मुलं पुढे आपोआप भरून काढतात हेही खरं. पण ज्याला समजणंही कमी आहे, जो हातवारेही करत नाही, ज्याच्या घरात आधी कुणाला अशी अडचण होती, त्याच्या बाबतीत त्या आशेवर राहू नका.

वेखंड उगाळून जिभेला लावणं, मध चाटवणं हे अजून चालतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे, त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो. तसंच "जीभ चिकटली आहे" म्हणून जिभेखालचा पातळ पडदा कापल्याने शब्द येत नाहीत. चिकटलेल्या जिभेने फार तर काही उच्चार अडतील, भाषा अडत नाही.

पहिली पायरी: वही आणि मोबाइल

पंधरा दिवस एक वही ठेवा. मूल जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहा, दुरुस्त करू नका. "गाडी आणला" म्हणाला तर "गाडी आणला" असंच. शेजारी तेव्हा काय चाललं होतं ते एका ओळीत. जेवताना, अंघोळीच्या वेळी आणि भावंडांशी खेळताना असे पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ घ्या. नव्या खोलीत, नव्या माणसासमोर अनेक मुलं तोंडच उघडत नाहीत. तेव्हा हा घरचा व्हिडिओ तासभराच्या चाचणीपेक्षा जास्त सांगतो. व्हिडिओ घेताना "हे काय? ते काय? सांग ना काकूला!" असा तगादा लावू नका. प्रश्नांच्या माऱ्यात मूल एकेका शब्दाची उत्तरं देतं आणि त्याची वाक्यं दिसतच नाहीत.

दुसरी पायरी: कान, आणि थाळी वाजवून नाही

बाकी काहीही करण्याआधी ऐकणं तपासा. "दाराची बेल वाजली की पळतो, म्हणजे कान ठीक आहेत" हा तर्क फसवा आहे. थाळी, बेल, फटाका हे मोठे किंवा खालच्या पट्टीचे आवाज असतात. स, श, फ, ख यांसारखे वरच्या पट्टीचे हलके आवाज ऐकू न येणारं मूल थाळीला दचकेल, पण त्याच्यापर्यंत शब्द अर्धवटच पोचतील. अनेक घरांत मुलाला थोडंफार ऐकू येतं याच कारणाने तपासणी तीन-तीन वर्षं लांबते.

ऑडिओलॉजिस्ट कोणत्या चाचण्या करतील ते वयावर ठरतं. ओएई ही झटपट चाचणी, ती आतल्या कानातल्या केसपेशींचं काम बघते. बेरा चाचणीत आवाज कानापासून मेंदूपर्यंत नसेतून नीट जातो का ते दिसतं. ती झोपेत करतात, लहान मुलांना कधी झोपेचं औषध देऊन. इथे एक बारकावा लक्षात ठेवा: काही मुलांत केसपेशी ठीक असतात पण नसेत गडबड असते, तेव्हा ओएई पास होते आणि बेरामध्ये दोष सापडतो. जन्मानंतर काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ, फार वाढलेली कावीळ झालेलं बाळ यांच्यासाठी नुसत्या ओएईवर समाधान मानू नका, बेरा मागा. अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांची "आवाज आला की मणी डब्यात टाक" अशा खेळातून तपासणी होते. सर्दी सतत असेल तर टिंपॅनोमेट्री, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल बघणारी चाचणीही करून घ्या. पडद्यामागे साठलेला द्रव दुखत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ऐकणं मात्र महिनोन्‌महिने मंद राहतं.

नवजात बाळासाठी जगभर मानली जाणारी मुदत अशी: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. तुमचं मूल चार वर्षांचं असेल तर ती मुदत टळली म्हणून खंत करत बसू नका, या महिन्यात करून घ्या.

तिसरी पायरी: इतिहास

थेरपिस्टने विचारायच्या आणि आईवडिलांनी आधीच आठवून ठेवायच्या गोष्टी: गर्भारपण, जन्माचं वजन, बाळ लगेच रडलं का, फिट, मोठं आजारपण. पहिल्यांदा बसलं, चाललं कधी. घराण्यात कुणी उशिरा बोललेलं, वाचता न येणारं, बहिरं. नात्यात लग्न झालंय का. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न ही आपल्याकडे सर्रास गोष्ट आहे, त्यामुळे हा प्रश्न दोष काढण्यासाठी नसतो. काही प्रकारच्या बहिरेपणाचा त्याच्याशी संबंध असतो.

मग दिवस विचारायचा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मूल कुणाबरोबर असतं आणि ते माणूस त्याच्याशी कोणत्या भाषेत, किती बोलतं? आजी-आजोबांची वऱ्हाडी, आईची प्रमाण मराठी, सांभाळणाऱ्या ताईंची हिंदी आणि मोबाइलवरचं इंग्रजी असं मिश्रण अनेक घरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून जास्त नको. हे तास लिहून घ्या. पण मोबाइल हेच कारण आहे असं ठरवून टाकू नका. ज्याला भाषा अवघड जाते ते मूल पडद्याकडे जास्त वळतं आणि दमलेले आईवडील त्याला पडदा देतात, असंही होतं. मोबाइल काढून घ्या आणि सहा महिन्यांनी या, हा सल्ला मला अपुरा वाटतो. मोबाइल कमी करा आणि तपासणीही आजच करा.

चौथी पायरी: समजतं किती, हात मांडीवर ठेवून

ही पायरी घरी कुणालाही करता येते. स्वयंपाकघरातल्या पाच-सहा वस्तू घ्या: वाटी, चमचा, डाव, पोळपाट, लाटणं, पेला. सगळ्या मुलासमोर मांडा. हात मांडीवर, नजर मुलाच्या चेहऱ्यावर, आवाज नेहमीचा.

आधी एकेक वस्तू: "डाव दे." मग दोन: "चमचा आणि लाटणं दे." मग जागा: "चमचा वाटीत ठेव", "चमचा वाटीखाली ठेव." या दोनांतला फरक जो करत नाही, तो वाटी आणि चमचा हे शब्द ऐकून अंदाजाने चमचा आत टाकतो, कारण चमचा वाटीतच जातो. म्हणून अंदाज चालणार नाही अशीच सूचना द्या: "वाटी चमच्यावर ठेव." जरा विचित्र सूचनेतच शब्द खरे समजतात का ते दिसतं.

चार वर्षांपुढे याहून अवघड. दोन बाहुल्या घ्या, मुलगा आणि मुलगी. म्हणा: "मुलीने मुलाला ढकललं. करून दाखव." मग क्रम उलटा: "मुलाला मुलीने ढकललं." इथे ज्याचं लक्ष ने आणि ला या प्रत्ययांकडे जात नाही, ते मूल पहिलं नाव ऐकून मुलाकडून ढकलवून घेतं. मराठीत शब्दांचा क्रम मोकळा आहे, अर्थ प्रत्ययांवर टिकतो. म्हणूनच ही चाचणी मराठी मुलासाठी नेमकी ठरते. इंग्रजी चाचण्यांतून "मुलगा मुलीकडून ढकलला गेला" अशी वाक्यं शब्दशः उतरवून विचारलेली मी पाहिली आहेत. असं वाक्य घरात कुणीच बोलत नाही, मग ते चुकलं म्हणून मुलाला गुण का कापायचे?

पाचवी पायरी: बोलण्याचा नमुना

तपासणीचा गाभा इथे आहे आणि आपल्याकडे वेळेअभावी हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. खेळताना, चित्रं बघताना, "काल आत्याकडे काय झालं" हे सांगताना मुलाची पन्नास ते शंभर वाक्यं रेकॉर्ड करायची आणि जशीच्या तशी उतरवायची. तासभर जातो. पण या तासात जे कळतं ते कुठल्याही तयार पुस्तिकेत नाही.

पहिलं मोजमाप सरासरी लांबीचं. "आई ये", "गाडी गेली भुर्र", "मला नको", एकूण सात शब्द, तीन वाक्यं, सरासरी २.३. शब्द मोजा, पण इंग्रजी मुलांचे आकडे लावू नका. "घोड्यावरून" हा मराठीत एकच शब्द, त्यात घोडा आहे, त्याचं बदललेलं रूप आहे, वर आहे आणि ऊन आहे. इंग्रजीत याच अर्थाला चार शब्द लागतील. म्हणून लांबी एका स्तंभात आणि शब्दाला कोणते प्रत्यय लागलेत ते दुसऱ्या स्तंभात लिहा.

मग चुका. सगळ्या चुका सारख्या नसतात, त्यांची जात बघायची.

लिंग आणि क्रियापदाचा मेळ: "मी आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं." भूतकाळात क्रियापद खाणाऱ्याकडे नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. मुलाला हे तीनही खरोखर खायला द्या आणि "काय केलंस?" विचारा. जे मूल सगळ्यांना "खाल्ला" लावतं त्याची नोंद करा. इथे नव्या थेरपिस्टना एक सूचना: पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदं चाचणीत घालू नका. त्यांना कर्म असूनही ने लागत नाही. "ती दूध प्यायली" हेच बरोबर आहे, आणि घाईत तपासणारा ते चूक धरतो.

सामान्यरूप: घोडा, पण घोड्याला. पाणी, पण पाण्यात. "पाणीत", "घोडाला" असं लहान मुलं म्हणतात आणि ती नियम शिकत असल्याची खूण असते. पाच-सहा वर्षांच्या मुलात मात्र हे सतत दिसलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रत्ययच गळला, "आई बाजार गेली", "दादा दे चेंडू", तर ते गंभीरपणे घ्या.

नकार किती प्रकारचे येतात तेही बघा. "नको", "नाही", "नव्हतं" आणि "नसतं" यांतला प्रत्येक नकार वेगळ्या जागेचा आहे. ज्याचा सगळा कारभार एका "नाई"वर चालतो त्याची भाषा अजून लहान आहे. आणि माझी आवडती खूण: आपण आणि आम्ही. "आपण जाऊया" मध्ये समोरचा आहे, "आम्ही जाणार" मध्ये तो नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांना बरोबर घेऊन विचारलं की त्यांना हा भेद किती पक्का माहीत असतो ते बघून आजही आनंद होतो.

उच्चार वेगळे लिहा. र नीट न येणं, ळ चा ल होणं ही उच्चाराची बाब आहे. "शाळेत पळाला" ऐवजी "शालेत पलाला" म्हणणाऱ्या मुलाचं व्याकरण अगदी ठीक असू शकतं, आणि अगदी स्वच्छ बोलणाऱ्या मुलाची भाषा पोकळ असू शकते. दुसऱ्या प्रकारचं मूल शाळेत सर्वांत उशिरा सापडतं.

बोली ही चूक नव्हे

नमुना तपासणाऱ्याला मुलाच्या घरची बोली माहीत नसेल तर त्याने घरातल्या मोठ्या माणसाचं दहा मिनिटं बोलणं आधी ऐकावं. "मले भूक लागली", "तो येऊन राहिला" हे वऱ्हाडात बरोबर आहे. "माका व्हया" मालवणीत बरोबर आहे, "माले" अहिराणीत. पानी, कोन असा न चा उच्चार महाराष्ट्राच्या मोठ्या भागात घराघरांत आहे. कोल्हापूरकडची चुणचुणीत मुलगी "मी जातो", "मी आलो" म्हणते, कारण तिची आई आणि आजी तसंच म्हणतात. पुस्तकी मराठीतून तपासणाऱ्याने तिला लिंगाची चूक लावली तर चूक तपासणाऱ्याची. मुलाची तुलना त्याच्याच वाडीवस्तीतल्या त्याच वयाच्या मुलांशी करा. सर्वांत उपयोगी प्रश्न आईला: "याची मोठी बहीण या वयात कशी बोलायची?"

मेळघाटात घरात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि अंगणवाडीत मराठी, किंवा गोव्यात घरी "म्हाका जाय" आणि शाळेत मराठी, हेही असंच. कोरकू किंवा गोंडीत मराठीसारखी तीन लिंगांची वाटणी नाही. त्या घरचं मूल मराठीत लिंग चुकवत असेल तर ते मराठी शिकतंय एवढाच अर्थ. खरा भाषा विकार असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो. म्हणून घरच्या भाषेत तपासायचं, दुभाषी म्हणून गावातली ताई घ्यावी लागली तरी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत एक जास्तीची काळजी: मूल वर्षातले पाच-सहा महिने शाळेबाहेर असतं, त्यामुळे रंग, आकार, कविता असल्या शाळेत शिकवलेल्या शब्दांवर त्याची भाषा तोलू नका.

बंगळुरू, दुबई, अमेरिकेतल्या मराठी घरांना सर्रास सांगितलं जातं की दोन भाषांमुळे गोंधळ झाला, मराठी बंद करा. हे करू नका. दोन भाषांमुळे भाषा विकार होत नाही. अशा मुलाचे शब्द दोन्ही भाषांत मिळून मोजा: "दूध" मराठीत आणि "शूज" इंग्रजीत माहीत असेल तर दोन शब्द झाले. आणि आजीशी बोलायची भाषा काढून घेतल्याने मूल बोलायला लागत नाही, एकटं मात्र पडतं.

सहावी पायरी: मागून म्हणणं आणि गोष्ट

चार वर्षांपुढच्या मुलांसाठी दोन छोट्या गोष्टी फार बोलक्या आहेत. एक, वाक्य ऐकून तसंच म्हणणं. "पाऊस आला म्हणून आम्ही शाळेत गेलो नाही." "आजीने दिलेला लाडू दादाने खाल्ला." ज्याच्या डोक्यात वाक्याची घडी नाही तो ती परत घालू शकत नाही. तो म्हणतो, "आजी लाडू दादा खाल्ला." शब्द टिकले, सांधे गळले. दुसरं, अर्थ नसलेले शब्द: दोमी, टालुगे, पीमोडाकू. यांत जुनं ज्ञान कामाला येत नाही, म्हणून घरची श्रीमंती-गरिबी किंवा शाळेचं माध्यम यांचा परिणाम इथे कमी होतो. दोन अक्षरांपर्यंत ठीक आणि चार अक्षरांना ढासळणं हे डीएलडी असलेल्या मुलांत वारंवार दिसतं.

गोष्टीसाठी महागडी चित्रं नकोत. चिऊकाऊची गोष्ट सांगा आणि मग "आता बाहुलीला सांग, तिने ऐकली नाही" म्हणा. पाऊस, घर वाहून जाणं, दार वाजवणं हा क्रम येतो का? "म्हणून", "मग", "कारण" येतात का? कोण बोलतंय ते ऐकणाऱ्याला कळतं का, की नुसतं "तो तिला म्हणाला, मग तो गेला"?

सातवी पायरी: खेळ, नजर, बोट

भाषा अडलेलं मूल आणि स्वमग्न मूल यांत फरक करायचा तर शब्द बाजूला ठेवून नातं बघा. मूल दोन कारणांनी बोट दाखवतं. बिस्कीट हवं म्हणून, आणि आकाशात विमान दिसलं, "तूही बघ ना" म्हणून. दुसरं बोट फार मोलाचं. डीएलडी असलेलं मूल शब्द नसतील तर ओढून नेतं, अभिनय करतं, तुमच्या डोळ्यांत बघून तुम्हाला कळलं का ते तपासतं. खोटा चहा करून पाजतं. हे सगळं नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, गाडी चालवण्याऐवजी तासभर चाकच फिरवत असेल, तर बालरोगतज्ज्ञाकडून स्वमग्नतेची तपासणी करून घ्या. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही वीस प्रश्नांची चाळणी आहे. भारतात निदान आणि प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात.

बुद्धिमापनाचा कागद हातात आला तर एक प्रश्न नक्की विचारा. नागपूरच्या ए. जे. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली मिसिक चाचणी आजही वापरली जाते, ६ ते १५ वयासाठी. तिच्यात शाब्दिक आणि कृतीचा असे दोन भाग आहेत. भाषा अडलेल्या मुलाचा शाब्दिक भाग खाली येतो आणि त्याने एकूण आकडाही खाली ओढला जातो. दोन्ही आकडे वेगळे मागा. नुसत्या एकूण आकड्यावरून मुलाला "मंद" ठरवलं जाणं मी पाहिलं आहे, आणि ते आईवडिलांच्या मनातून पुढे वर्षानुवर्षं जात नाही.

चाचणीतले गुण, आणि शिकवून बघणं

आपल्याकडच्या केंद्रांत आरईईएल, थ्री-डी लॅट, तिरुवनंतपुरमची लेस्ट अशा मोजपट्ट्या वापरतात. त्या उपयोगी आहेत, दिशा देतात. पण अहवालात "भाषेचं वय १८ ते २० महिने" एवढंच लिहून थांबणं पुरेसं नाही. ती मोजपट्टी कोणत्या भाषेच्या मुलांवर बेतली होती हे बघूनच आकडा वाचायचा.

आकडा संशयाच्या सीमेवर असेल तर मी शिकवून बघतो. मुलाला न येणारी एक गोष्ट घ्यायची, समजा "वर" आणि "खाली". वीस मिनिटं खेळातून शिकवायची आणि आठवड्याने परत बघायची. ज्याला आजवर कुणी शिकवलंच नव्हतं ते मूल झरझर उचलतं. विकार असलेल्याला खूप वेळा, खूप आधार देऊन सांगावं लागतं आणि पुढच्या आठवड्यात अर्धं निसटलेलं असतं. संधी न मिळालेलं मूल आणि शिकणंच अवघड जाणारं मूल यांतला फरक याच्याइतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

निदानाचं नाव आणि पुढचा रस्ता

डीएलडी हे नाव इंग्रजी भाषिक देशांतल्या ५७ तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून २०१६-१७ मध्ये ठरलं. त्यातले दोन मुद्दे आईवडिलांनी लक्षात ठेवावेत. भाषेची अडचण रोजच्या जगण्यात किंवा शिक्षणात आड येत असेल आणि आपोआप जाण्याची चिन्हं नसतील तर हे नाव लावायचं. बहिरेपणा, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता असं कारण असेल तर "त्या कारणाशी जोडलेला भाषा विकार" म्हणायचं. बुद्ध्यंक आणि भाषा यांत मोठी दरी असलीच पाहिजे ही जुनी अट आता नाही.

चांगल्या अहवालात मुलाची खरी वाक्यं उदाहरणादाखल असतात, तपासणी कोणत्या भाषेत झाली ते लिहिलेलं असतं, ऐकण्याचा निकाल असतो, मुलाला काय चांगलं जमतं ते असतं आणि पुढच्या तीन महिन्यांची दोन-तीन ठोस उद्दिष्टं असतात. तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारायला संकोचू नका.

खिशाला न परवडणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात, आणि त्यांच्या ३० आजार-अडचणींच्या यादीत भाषेचा विलंब आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला हजर ठेवा आणि भाषेची चिंता स्वतः बोलून दाखवा, कारण न रडता शांत बसलेलं मूल गर्दीत सहज सुटतं. तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे कान आणि भाषा दोन्हींची तपासणी होते.

प्रमाणपत्राबाबत आधीच सांगतो, म्हणजे हेलपाटे वाचतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली "वाचा व भाषा अक्षमता" ही व्याख्या स्वरयंत्र काढणं, मेंदूच्या इजेनंतरचा वाचाघात अशा कायमच्या अक्षमतेभोवती बेतलेली आहे. डीएलडीचं मूल तिच्यात सहज बसत नाही. पुढे याच मुलांपैकी अनेकांना वाचन-लेखन जड जातं, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता कायद्याच्या यादीत आहे. म्हणून आजचे सगळे अहवाल, बेराचा कागद, ती पंधरा दिवसांची वही एका फाइलमध्ये जपून ठेवा.

थेरपी सुरू झाली की सहा महिन्यांनी हीच तपासणी परत करायची: तोच खेळ, त्याच वाट्या-चमचे, तेवढीच मिनिटं रेकॉर्डिंग. वहीचं पहिलं पान उघडून "गाडी आणला" शेजारी त्या दिवशीचं वाक्य लिहायचं, आणि थेरपिस्टबरोबर बसून कोणता सांधा आला आणि कोणता अजून गळतोय ते बघायचं.